मूठ वळा, आजी

नवऱ्याशी बोलले नसेन इतक्या वेळा मी आयुष्यात एक वाक्य बोलले आहे, "मूठ वळा." मूठ वळली की कोपराच्या खाचेतली शीर फुगते, सुई आत जाते, नळीत रक्त उतरायला लागतं आणि मग दुसरं वाक्य येतं, "आता सोडा." या दोन वाक्यांवर मी जामखेडात चौतीस वर्षं नोकरी केली. एका डॉक्टरांच्या दवाखान्याला जोडलेली दहा बाय बाराची लॅब आणि तिच्यातली मी टेक्निशियन. माहेर काष्टीचं, बैलबाजाराच्या गावचं, म्हणून जीभ पहिल्यापासून धारेची. लोक पाठीमागे मला 'रक्तवाली बाई' म्हणायचे आणि तोंडावर 'मंगलताई'. या उन्हाळ्यात निवृत्त झाले.

दिवाळी अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, "तुमचे अनुभव लिहा." मी म्हटलं, मला फक्त आकडे लिहिता येतात. तर म्हणाल्या, "मग आकड्यांमागची माणसं लिहा." असं काहीतरी गोड बोलून लोक आपल्याला कामाला लावतात. असो. बसलेच आहे तर लिहिते.

माणसं नाना तऱ्हेची आली. दंडाला माझ्या दोन्ही हातांची पकड पुरणार नाही असा एक पैलवान सुई बघून आईच्या पदरात तोंड लपवायचा. एक आजोबा दर वेळी विचारायचे, "उरलेलं परत घालता का वं?" मी म्हणायचे, "घालते, पण तुमचंच घालीन याची खात्री नाही." तेव्हापासून ते नळीवर नाव लिहीपर्यंत जागचे हलायचे नाहीत. खरं सांगायचं तर प्रत्येक पेशंटने असंच करावं.

पण सगळ्यात जास्त यायची ती म्हातारी माणसं. 'अंगात ताकद न्हाई', 'भूक मेलीया', 'पाय उचलत न्हाई'. त्यांच्यासाठी डॉक्टर दोन तपासण्या हमखास लिहायचे, ईएसआर आणि सीआरपी. ईएसआरचं काम साधं आहे. रक्त एका लांब बारीक नळीत भरायचं, नळी सरळ उभी करायची आणि एक तास तिला हात लावायचा नाही. तांबड्या पेशी खाली बसतात, वर पिवळसर पाणी राहतं. पेशी जितक्या भराभर खाली येतील तितकं समजायचं की शरीरात कुठेतरी काहीतरी धुमसतंय. सीआरपी हे यकृतातून येणारं द्रव्य. कुठे जंतू शिरले, सूज आली, गळू झालं की ते रक्तात वाढतं. दोन्ही तपासण्या एवढंच सांगतात की घरात धूर आहे. चूल कुठल्या खोलीत पेटलीय, ते सांगत नाहीत. ते डॉक्टरने शोधायचं.

आमच्या लॅबची मागची भिंत पिठाच्या गिरणीला लागून होती. गिरणी सुरू झाली की माझा ईएसआरचा स्टँड थरथरायचा. नळी हादरली की आकड्याचा भरवसा नाही आणि जरा तिरकी झाली की आकडा उगाच वाढतो. हे मला पहिल्या वर्षी कुणी सांगितलं नव्हतं. धडधाकट माणसांचेही आकडे वेडेवाकडे यायला लागले तेव्हा कळलं. मग मी गोधडीची आठ पदरी घडी करून त्यावर स्टँड ठेवला. वर गिरणीवाल्याशी करार केला की महत्त्वाचा नमुना असेल तर तासभर गिरणी बंद. तो तास त्याला माझ्या चहाने भरून मिळायचा.

आता शिक्क्याचं सांगते. ते सांगायला जड जातं, पण त्याच्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

वय वाढलं की ईएसआर थोडासा वाढतोच. तरुणाला जो आकडा जास्त, तो म्हाताऱ्याला चालून जातो. नातेवाईक मात्र रिपोर्टवर आकड्यापुढे चांदणी बघितली की घाबरून माझ्या टेबलावर यायचे. प्रत्येकाला समजावून तोंड दुखायचं. म्हणून मी डॉक्टरांना विचारून एक रबरी शिक्का करून आणला, 'वयोमानानुसार'. जांभळ्या शाईत ठप्प मारला की काम झालं. नातेवाईक खूश, डॉक्टर खूश, मी तर फारच खूश. काय हुशार बाई मी, असं स्वतःशीच म्हणायचे.

दगडूबाबा म्हणून एक होते. आयुष्य मेंढरांमागे गेलेला माणूस, चालायला लागला की मीसुद्धा मागे पडेन. ते एकदा मुलाच्या खांद्याला धरून आले. पाठ दुखते, जेवण जात नाही, धोतर कमरेवर राहत नाही. मूठ वळा म्हटलं, तर वळली, पण पिळदार नाही, नुसती मिटली. ईएसआर बराच वर आला. थोडासा नव्हे, बराच. मला दिसलं होतं. पण बाहेर रांग होती, शिक्का हाताशी होता, आणि बाबांचं वय पंच्याहत्तरच्या पुढे. ठप्प.

पाच महिन्यांनी त्यांचा मुलगा एकटाच आला. प्लास्टिकच्या पिशवीतून तोच रिपोर्ट काढून माझ्यापुढे ठेवला.

"ताई, ह्ये काय लिव्हलंय ते वाचून दावा."

मी वाचलं, "वयोमानानुसार."

"म्हंजी वयामुळंच ना? आमीबी तसंच समजलो. पडवीत खाट टाकून दिली त्यांना. पाय गेल्यावर नगरला नेलं. तिथं म्हनले, मनक्याचा टीबी हुता. लवकर कळलं असतं तर गोळ्यांनी बरा झाला असता म्हनले. बाबा गेले मागल्या म्हैन्यात."

एवढं बोलून त्याने रिपोर्टची घडी घातली आणि गेला. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. दिली असती तर मला बरं वाटलं असतं. त्या दिवशी मी शिक्का टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये, कापसाच्या जुन्या बंडलाखाली टाकला. ज्या माणसाचं रक्त मी घेतलं त्याला मीच पडवीत टाकलं, ही गोष्ट अजून माझ्या मनातून जात नाही आणि जाऊही नये.

त्यानंतर मी एक केलं. कुणी म्हातारं माणूस आलं की नुसता हात बघायचा नाही, दारापासून बघायचं. दार ते खुर्ची माझी सात पावलं होतात. ते किती घेतात, कुठे टेकतात, हाताचा आधार न घेता खुर्चीत बसता येतं का, मूठ किती घट्ट वळते. वय सगळ्यांना होतं, पण सगळे खंगत नाहीत. आमच्याच गल्लीत ऐंशीच्या एक आजी डोक्यावर कडब्याची पेंढी घेऊन माझ्याशी भांडायच्या. त्यांचा सीआरपी कधी वर गेला नाही. तेव्हा जो खंगतो तो का खंगतो, हे विचारलंच पाहिजे.

गेल्या वर्षीची गोष्ट. दसरा झाला की आमच्याकडची गावं रिकामी होतात. ट्रक आणि ट्रॅक्टर भरून माणसं ऊसतोडीला जातात ती गुढीपाडव्याच्या आसपास परततात. जायच्या आधी घरच्या म्हाताऱ्यांना दवाखान्यात आणून सलाईन लावायची पद्धत आहे. तिला 'ताकदीची बाटली' म्हणतात. सहा महिने पुरेल इतकी ताकद एका बाटलीतून आत जाते असा समज. मी किती वेळा सांगितलं की बाबांनो, ते मिठाचं पाणी आहे. पण माझं ऐकतो कोण?

तशीच सुनीता आली, सासूला घेऊन. सोबत सातवीतली मुलगी, पायल. कौसाबाई सत्तरी ओलांडलेल्या. सात पावलांत त्या मध्ये एकदा बाकाला धरून थांबल्या.

"मूठ वळा, आजी."

अंगठा आला, चार बोटं अर्ध्यात थांबली.

"वळली की," त्या म्हणाल्या.

"कुठं वळली?"

"ह्याच्याफुडं न्हाई वळत बाई. म्हातारपन."

मी सुनीताकडे बघितलं. ती हळू आवाजात म्हणाली, "ताई, बाटली लावून उभ्या ऱ्हातील का वं? त्या उभ्या ऱ्हायल्या तर पायल घरी ऱ्हाईल, तिची साळा हुईल. न्हाईतर आत्याबाईंना नणंदंकडं सोडायचं आन् पायलला फडावर न्यायची. आता हिनं आत्याबाईंची राखन करायची का आत्याबाईंनी हिची, तुमीच सांगा."

पायल भिंतीवरचा शरीराचा तक्ता वाचत होती. ऐकू येत नसल्यासारखी उभी होती, पण मान ताठ झालेली. फडावर गेलेली मुलगी पुन्हा शाळेत बसत नाही हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि तिच्या आईला तर पक्कं माहीत होतं. सुनीता स्वतः सातवीतूनच गेलेली.

ईएसआर शंभरच्या वर आला. माझा विश्वास बसेना. गिरणी बंद करायला लावून पुन्हा लावला. दळणाला आलेल्या बायकांनी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. आकडा तोच. सीआरपी भरपूर वाढलेला, रक्त कमी, आणि अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं एक महत्त्वाचं प्रोटीन, तेही घसरलेलं. धूर नव्हता हा, चांगलाच वणवा होता.

डॉक्टर वाईट माणूस नाहीत. पण दसऱ्याआधीच्या त्या आठवड्यात दवाखान्यात पाय ठेवायला जागा नसते. ते म्हणाले, "एक्सरे साफ, लघवी साफ, पोट मऊ. बाई, बहात्तर वय आहे. लोहाच्या गोळ्या देऊ, बाटली लावू. मारा तुमचा शिक्का."

"सर, मी मारणार नाही."

"तुम्ही टेक्निशियन की डॉक्टर?"

"टेक्निशियन. म्हणूनच सांगतेय. वयाचा आकडा मी रोज बघते, हा वयाचा नाही."

"मग शोधा कुठं आहे ते!" असं म्हणून ते चिडून पुढच्या पेशंटकडे गेले. ट्रक सुटायला सहा दिवस राहिले होते.

शोधा म्हणे! मी काय शोधणार? मला फक्त शीर सापडते. पण डोक्यात दगडूबाबा बसलेले, ते उठू देईनात. कौसाबाईंना आत कॉटवर सलाईन सुरू होती. मी चहा आणि टोस्ट घेऊन जाऊन बसले. त्यांनी टोस्ट चहात पार विरघळेपर्यंत बुडवला, उजव्या गालात घेतला आणि न चावता गिळला. मग कमरेच्या पिशवीतून डबी काढली आणि चिमूटभर मिसरी डाव्या हिरडीला लावली. मिसरी म्हणजे भाजून काळी केलेली तंबाखू. आमच्याकडच्या निम्म्या बायकांची सकाळ तिच्याशिवाय होत नाही.

"आजी, त्या बाजूला दुखतं का?"

"न्हाई. मिसरी लावली की बधिर हुतंय."

"म्हणजे नाही लावली तर दुखतं?"

"आता दात हायेत म्हनल्यावर दुखनारच की!"

पायल मध्येच म्हणाली, "आजी भाकरी खातच न्हाई आता. दुधातबी न्हाई. च्याच पिती नुसती."

मी टॉर्च आणला. "आ करा." त्यांनी आ केला आणि मी एक पाऊल मागे सरले, असा वास. डाव्या खालच्या हिरडीत तीन दातांची मुळं काळी पडलेली, बाजूला सूज, दाबलं तर पू. किती महिने ते तिथे चाललं होतं देव जाणे. छाती बघितली, पोट बघितलं, लघवी बघितली, पण म्हातारीचं तोंड कुणी उघडून बघितलं नव्हतं. मीही नाही. चौतीस वर्षं मूठ वळा म्हटलं, आ करा कधी म्हटलं नाही.

मी डॉक्टरांना बोलावून त्यांच्या हातात टॉर्च दिला. त्यांनी बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "च्यायला!" आणि त्याच क्षणी माझा त्यांच्यावरचा राग गेला.

"आजी, सांगितलं का नाही हो?" मी विचारलं.

"दाताचं काय सांगायचं? म्हातारपनी जानारच की त्ये."

तो शिक्का मी एकटीनेच केला नव्हता. कौसाबाईंनीही मनातल्या मनात तोच स्वतःवर मारून घेतला होता.

एसटी स्टँडसमोरच्या दातांच्या डॉक्टरांनी गळू फोडलं, मुळं काढली. जबड्याच्या हाडापर्यंत गेलं होतं. मिसरीमुळे दुसरीच शंका होती, म्हणून तुकडा तपासायला नगरला पाठवला. तो पुढे साफ आला. ट्रक सुटायच्या आदल्या दिवशी मी पुन्हा रक्त घेतलं. ईएसआर सावकाश उतरतो, त्याला आठवडे लागतात. सीआरपी मात्र लगेच सांगतो. तो निम्म्याहून खाली आला होता.

"म्हंजी बऱ्या झाल्या?" सुनीताचे डोळे लकाकले.

खोटं बोलायचा मोह झाला, पण नाही बोलले. "नाही गं. आग विझायला लागली एवढंच. अंगातलं जे झिजलंय ते भरून यायला महिने लागतील. पोटभर खाल्लं आणि रोज उठून चाललं तरच. मी हमी देत नाही. पण दर बाजाराच्या दिवशी दोघींनी माझ्याकडं यायचं. मी बघते."

सुनीता रडायला लागली. तिने काय करावं? मुकादमाला शब्द दिलेला, नवरा घरी सामान बांधत होता. तेवढ्यात कॉटवरून आवाज आला, गाल सुजलेला, शब्द अर्धे आत.

"रडू नगंस. तू जा. मी पडले तर पायल शेजाऱ्यास्नी हाळी देईल. पर ही पोरगी फडात जायाची न्हाई. मी उभी ऱ्हानार. ऱ्हानार म्हंजी ऱ्हानार!"

दुसऱ्या दिवशी ट्रक गेला. पायल त्यात नव्हती.

मग सुरू झाली आमची कवायत. मूठ मोजायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. बीपीच्या जुन्या पाऱ्याच्या यंत्राचा पट्टा गुंडाळून त्यात थोडी हवा भरायची आणि माणसाला दाबायला सांगायचं, पारा किती चढतो ते बघायचं. पहिल्या दिवशी पारा हलला न हलला. पायल आकडा वाचून वहीच्या शेवटच्या पानावर लिहायची. कौसाबाईंना मी सांगितलं, खाटेवरून हात न टेकता उठायचं, सकाळी पाच वेळा, संध्याकाळी पाच वेळा. खायला शेंगदाण्याचा कूट, अंडं, हुलग्याचं माडगं. त्या म्हणायच्या, "बाई, माझ्या सासूनं एवढा छळ केला न्हवता." मी म्हणायचे, "तिला पगार नव्हता मिळत."

संक्रांतीच्या सुमारास पारा खाली आला. सीआरपी केला तर पुन्हा वाढलेला. मी विचारलं, बंद करायला सांगितलेली मिसरी पुन्हा हिरडीला? त्या छताकडे बघायला लागल्या. मी त्या दिवशी इतकी ओरडले की बाहेरचे पेशंट उठून उभे राहिले. "तुम्हाला वाटतं मी तुमच्यासाठी करतेय? ही पोरगी बघा! हिचा सगळा भार त्या डबीवर आहे!" कौसाबाईंनी डबी काढून पायलच्या हातात दिली. पुढच्या खेपेला पायलने ती दाखवली. तिच्यात खोडरबर आणि पेन्सिलींची थोटकं होती.

फेब्रुवारीत त्या सात पावलं न थांबता चालल्या. मार्चमध्ये पारा पहिल्या दिवसाच्या कितीतरी वर होता. ईएसआर एकदाचा खाली आला. थोडासा वाढलेला राहिला, आणि तो मात्र खरंच वयाचा होता. तरी मी शिक्का काढला नाही.

पाडव्यानंतर चार दिवसांनी तिघी एकत्र आल्या. माझे नोकरीचे शेवटचे आठवडे चाललेले. कौसाबाई पुढे, पायल मागे, आणि सगळ्यात शेवटी सुनीता. उन्हाने रापून काळी ठिक्कर पडलेली, निम्मी झालेली. माझ्या हातावर पेढा ठेवून म्हणाली, "वार्षिक परीक्षा द्यायलीय पोरगी. रोज जाती." आणि मान खाली घालून रडली, हसतही होती.

कौसाबाई म्हणाल्या, "माझं ऱ्हाऊ द्या आज. हिचं रगत बघा. अंग दुखतंय म्हनती, रातच्याला ताप येतुया."

सुनीता नको नको म्हणत खुर्चीत बसली. "मूठ वळ," मी म्हटलं. दगडासारखी वळली. शीर लगेच मिळाली, रक्त उतरायला लागलं. "आता सोड."

मूठ सुटेना. सहा महिने कोयता धरून बोटं वाकडी झालेली. सुनीता लाजून म्हणाली, "सक्काळच्याला अशीच आखडत्यात. हुईल बरं."

कौसाबाई खुर्चीशेजारी आल्या. दसऱ्याला जी बोटं अर्ध्यात थांबली होती त्याच बोटांनी त्यांनी सुनेचा हात धरला आणि एक एक बोट सरळ केलं. आधी करंगळी, मग बाकीची. तळव्यावर घट्टे आणि उसाच्या पातीने कापल्याच्या रेघा होत्या. पायल आईच्या हाताकडे टक लावून बघत उभी होती, स्वतःच्या बोटांना निळी शाई.

मी रिपोर्टच्या कागदावर नाव लिहिलं. वय तेहेतीस.

कौसाबाई माझ्याकडे वळल्या. "नीट बघा बरं का, मंगलताई. हिला वय झालंय म्हनू नका."